क्रूझला निघण्याआधी वहीत मांडायचा हिशोब

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत आकडा असतो आणि त्या आकड्याच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी असते. क्रूझचा निम्मा खर्च त्या चांदणीत लपलेला असतो. मागच्या दिवाळीत माझ्या मेव्हण्याने अशाच एका जाहिरातीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "भावोजी, एवढ्यात तर आपलं महाबळेश्वरसुद्धा होत नाही!" मी त्याला घरी बोलावलं, चहा दिला आणि शंभर पानी वही पुढे ठेवली. तासाभरात तो आकडा दुपटीच्या पुढे गेला. तरीही आम्ही गेलो, पण काय काय लागणार हे माहीत करून गेलो.

वहीचा आग्रह का, तेही सांगतो. बोटीवर खिशातून पैसे काढायची वेळच येत नाही. केबिनची किल्ली म्हणून जे प्लास्टिकचं कार्ड मिळतं, तेच तुमचं पाकीट. कॉफी, फोटो, मसाज, पोरांचे गेम, सगळीकडे तेच टेकवायचं. मंडईत भाव करताना दोन रुपयांसाठी अडून बसणारा माणूस तिथे चौदा डॉलरचं सरबत "घे रे, सुट्टी आहे" म्हणून मागवतो. समुद्रावर गेल्यावर विचार करू, असं म्हणायची सोय नाही. काय घ्यायचं आणि काय नाही, हे घरच्या टेबलावर ठरवायचं.

बोट कुठून धरायची

पुणेकराला सगळ्यांत जवळची वाट मुंबईची. 'कॉर्डेलिया'ची 'एम्प्रेस' ही बोट सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करते. बोट १९९० सालची आहे, आधी ती परदेशी कंपनीकडे होती. त्यामुळे खोल्या लहान, लिफ्टपुढे रांगा. परदेशी बोटींचे व्हिडिओ पाहून गेलात तर हिरमोड होईल. पण विमान नाही, व्हिसा नाही, बिल रुपयांत. घरात कुणाला बोट लागते का, आईला दिवसभर पाणीच पाणी बघून कंटाळा येतो का, हे कळायला दोन रात्री पुरतात. पहिली क्रूझ इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. सात रात्रींचे युरोपचे पैसे भरून मग हे शोध लावू नयेत. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या फेऱ्या बंद असतात, तेव्हा बेत ऑक्टोबर ते मे असाच आखा.

(आपल्या आजोबांच्या पिढीला हे काही नवीन नव्हतं. भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने कोकणात जायचं, डेकवर पथारी टाकायची आणि डबा उघडायचा. त्या डब्याला सर्व्हिस चार्ज नव्हता.)

दुसरी वाट सिंगापूरची. मरीना बेच्या क्रूझ सेंटरवरून 'गेंटिंग ड्रीम'सारख्या मोठ्या बोटी तीन-चार रात्रींसाठी मलेशिया-थायलंडकडे जातात. शाकाहारी आणि भारतीय जेवणाची सोय चांगली, त्यामुळे पुण्यातल्या बहुतेक सहल कंपन्या 'पहिली परदेशी क्रूझ' म्हणून इथेच नेतात. तिसरी वाट युरोपची, साधारण सात रात्री. चौथी वाट मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेल्यांची: उन्हाळ्यात तिकडे जायचं आणि सिअ‍ॅटलहून अलास्का करायचं. या चौथ्या वाटेत एक खड्डा आहे, त्याकडे पुढे येतो.

निवड करताना एकच भागाकार करा: घरातून निघून घरी परत येईपर्यंतचा सगळा खर्च, भागिले बोटीवरच्या रात्री. विमान, व्हिसा हे खर्च तीन रात्रींसाठीही तेवढेच आणि सात रात्रींसाठीही तेवढेच. म्हणून फक्त तीन रात्रींच्या क्रूझसाठी सिंगापूरला जाऊन येणं अंगावर येतं. त्याला शहरातले चार दिवस जोडले तर पैसे वसूल होतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिना हे सगळ्यांत महाग. शाळेत जाणारी मुलं नसतील तर जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी बघा.

निवृत्त झालेल्यांसाठी आणखी एक युक्ती. एप्रिल-मे महिन्यांत आशियातल्या आणि आखातातल्या काही बोटी उन्हाळ्यासाठी युरोपात जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत येतात. या एकतर्फी लांबच्या फेऱ्या रात्रीच्या हिशोबाने बऱ्याच स्वस्त पडतात. मात्र समुद्रावरचे दिवस जास्त, बंदरं कमी, आणि विमान एका बाजूचं धरावं लागतं. पत्ते खेळणारी चार माणसं सोबत असतील तरच जा.

चांदणीखालचं वाचायचं कसं

जाहिरातीतला भाव 'प्रतिव्यक्ती, दोघांच्या केबिनमध्ये' असतो. म्हणजे केबिन दोघांनी भरली तर माणशी तेवढे. एकटं माणूस गेलं तर बहुतेक बोटी जवळजवळ दोघांचं भाडं लावतात. आमच्या एका मावशीला एकटीने जायचं होतं; तिला हे ऐकून इतका राग आला, की तिने नात्यातली एक बहीण शोधून काढली आणि दोघींनी भाडं वाटून घेतलं. आता त्या दोघी दरवर्षी जातात.

भाड्यावर चढणाऱ्या गोष्टी अशा. बंदर शुल्क आणि सरकारी कर; हे प्रत्येक माणसाला लागतात, तिसऱ्या-चौथ्या खाटेवरच्या लहान मुलालासुद्धा. 'तिसरा माणूस मोफत' या वाक्याचा अर्थ 'तिसऱ्या माणसाचं भाडं मोफत' एवढाच. मग जीएसटी. मग कधीकधी इंधन अधिभार. त्यानंतर ग्रॅच्युइटी, म्हणजे सक्तीसारखी वाटणारी टिप.

ग्रॅच्युइटीवर थोडं थांबतो, कारण सगळ्यांत जास्त भांडणं इथे होतात. अमेरिकी पद्धतीच्या मोठ्या बोटींवर ती साधारण १६ ते २० डॉलर असते: माणशी, रोज. हिशोबाला सोपं म्हणून डॉलर ९० रुपयांना धरू आणि टिप १८ डॉलर. चार माणसं, चार रात्री: २८८ डॉलर, म्हणजे २५,९२० रुपये. ही रक्कम जाहिरातीत नसते आणि बऱ्याचदा बुकिंगच्या पावतीतही नसते. ती बोटीवरच्या बिलात हळूहळू चढते. काही बोटींवर काउंटरवर जाऊन ती कमी करून घेता येते. मी तसं करत नाही. तुमची खोली रोज आवरणारा पोरगा गोव्याचा किंवा फिलिपीन्सचा असतो आणि त्याच्या कमाईत ही टिप धरलेली असते. पण ती आधीच भरता येते का, हे मात्र नक्की विचारा. आधी भरली की बोटीवरचं बिल बघून छातीत धस्स होत नाही. सहल कंपनीमार्फत जात असाल तर 'ग्रॅच्युइटी धरून की सोडून' हे ईमेलवर लेखी घ्या. तोंडी 'सगळं इन्क्लुडेड आहे हो' याला काही अर्थ नाही.

परदेशी क्रूझ भारतातल्या एजंटकडून पॅकेज म्हणून घेतली तर टीसीएस, म्हणजे एजंटने पैसे घेतानाच वसूल करून सरकारकडे भरायचा कर, लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के झाला. एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १० लाख झाली. आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात पॅकेजवरचा दर सरसकट २ टक्क्यांवर आणण्याचं जाहीर झालं. दर असे बदलतात, तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशीचा दर विचारा. हा खर्च नव्हे, आगाऊ भरलेला कर आहे. तो परत मिळतो. कुणाच्या नावावर भरायचा, हे शेवटी सांगतो.

वहीच्या डाव्या पानावर हे सगळं लिहा आणि खाली बेरीज करा. दोन एजंटांच्या भावांची तुलना करायची असेल तर ती या बेरजेची करा. एक जण भाडं कमी दाखवतो आणि कर नंतर सांगतो, दुसरा सगळं मिळून सांगतो. दुसरा महाग वाटतो, असतो मात्र स्वस्त.

केबिन: स्वस्त की बाल्कनी?

चार प्रकार: आतली खोली, खिडकीची, बाल्कनीची आणि स्वीट. आतल्या खोलीला खिडकी नसते. दिवा मालवला की दिवस की रात्र ते कळत नाही. काही जणांना यात गुदमरतं, काहींना सुंदर झोप लागते. दोन-तीन रात्रींसाठी आणि रोज सकाळ-संध्याकाळ डेकवर फिरणाऱ्यांसाठी आतलीच घ्या. बाल्कनीचे पैसे अलास्का किंवा नॉर्वेसारख्या ठिकाणी वसूल होतात, कारण तिथे डोंगर आणि हिमनद्या खोलीतूनच दिसतात. मुंबई-गोव्यात बाल्कनीतून रात्री काळोख दिसतो.

बोट लागण्याची भीती असेल तर महागाची खोली उलट त्रासाची. वरच्या मजल्यावर आणि बोटीच्या टोकाला हेलकावे जास्त जाणवतात. खालच्या मजल्यावर मध्यभागी सगळ्यांत कमी. म्हणजे जी खोली सहसा स्वस्त, तीच पोटाला बरी. इथे कंजूषपणा आणि शहाणपणा एकाच बाजूला येतात.

'गॅरंटी' केबिन म्हणजे प्रकार तुमचा, नंबर त्यांचा. पैसे वाचतात, पण डिस्कोच्या खाली किंवा लिफ्टशेजारी खोली मिळू शकते. दोघंच असाल तर घ्या. दोन खोल्या शेजारी हव्या असतील तर घेऊ नका.

आम्ही एकदा चौघांची एकच बाल्कनी केबिन घेतली, आईला धरून. वाटलं, तिसरा-चौथा स्वस्तात. तिसरी आणि चौथी खाट छतातून खाली येते आणि शिडीने चढावी लागते, हे आम्हाला खोलीत गेल्यावर कळलं. आई खाली झोपली, मी आणि मुलगी वर, आणि सकाळी एका टीचभर न्हाणीघरापुढे चौघांची रांग. त्याच सुमाराच्या पैशांत दोन आतल्या खोल्या आल्या असत्या आणि दोन न्हाणीघरं. "गच्चीचं काय करायचंय मला? मला नळ मोकळा हवा," असं आई म्हणाली. तेव्हापासून आमच्याकडे हाच नियम.

व्हिसा बंदरांचा, फक्त सुरुवातीच्या देशाचा नव्हे

सिंगापूरच्या व्हिसाचं सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, त्यावर एजंटची फी. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड आणि मलेशियाचं डिजिटल कार्ड ही दोन्ही सरकारी संकेतस्थळांवर मोफत भरता येतात. सर्च केल्यावर सगळ्यांत वर येणाऱ्या काही साइट त्याचे पैसे घेतात. त्यांच्या नादाला लागू नका. बोट परत सिंगापूरलाच येते, तेव्हा व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे तपासा.

युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीचं सेवाशुल्क. बऱ्याच देशांचे अर्ज पुण्यातच देता येतात, त्यामुळे मुंबईची फेरी वाचते. पण ज्या देशाचा व्हिसा हवा, त्याचा अर्ज इथे घेतात का, ते आधी बघा. बोट मध्येच तुर्कस्तानसारख्या शेंगेनबाहेरच्या देशात थांबणार असेल तर मल्टिपल एंट्रीच हवी. ग्रीसने जुलै २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर भर हंगामात २० युरोंचं शुल्क लावलं आहे, तेही बिलात दिसेल.

आता तो अलास्काचा खड्डा. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे: परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकी बंदरातून निघून थेट अमेरिकी बंदरातच प्रवासी परत आणता येत नाहीत, मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. बहुतेक क्रूझ बोटींवर परदेशी झेंडा असतो. म्हणून सिअ‍ॅटलची बोट अलास्का करून संध्याकाळी काही तासांसाठी कॅनडाच्या व्हिक्टोरियाला टेकते. तुम्ही खाली उतरा किंवा उतरू नका, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. अर्जाचे १०० आणि बोटांच्या ठशांचे ८५ कॅनेडियन डॉलर, माणशी. मुलाकडे अमेरिकेचा पासपोर्ट आला असेल तर त्याच्या हे ध्यानीमनी नसतं. त्याला व्हिसा लागत नाही ना! तो आई-बाबांचं तिकीट काढून मोकळा होतो आणि मग धक्क्यावरून आई-बाबा घरी. असं झालं तर भाडं परत मिळत नाही.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने हवी. अनेक मोठ्या बोटी सहा महिन्यांखालचं बाळ आणि २४ आठवड्यांपुढची गरोदर स्त्री घेत नाहीत. हीसुद्धा पैशांचीच बाब आहे, कारण धक्क्यावर नाकारलं तर तिकीट बुडालं.

पुणे ते धक्का

मुंबईच्या बोटीसाठी डेक्कन क्वीन उत्तम. सकाळी ७.१५ ला पुण्याहून, १०.२५ ला सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअरचा भाग टॅक्सीने जवळ. बोर्डिंग सहसा दुपारी असतं. पाच-सहा जण आणि बॅगा असतील तर गाडी बरी: एक्सप्रेसवेचा टोल ३२०, अटल सेतूने गेलात तर २५० आणखी. स्वतःची गाडी नेऊन दक्षिण मुंबईत तीन दिवस लावण्याच्या भानगडीत पडू नका. परतीला बोट सकाळी लागते आणि डेक्कन क्वीन संध्याकाळी ५.१० ला निघते. मधला वेळ बॅगा सांभाळण्यात जातो. येताना शिवनेरी किंवा शेअर कॅब बघा.

विमान धरायचं असेल तर बोट सुटण्याच्या आदल्या दिवशी त्या शहरात पोचा. हॉटेलच्या एका रात्रीचे पैसे जीवावर येतात, हे मान्य. पण विमानाला उशीर झाला म्हणून बोट थांबत नाही. आणि घाटात दरड कोसळली किंवा खालापूरला गाड्या अडकल्या, ही सबब सिंगापूरच्या काउंटरवर चालत नाही.

बोटीवर: पेयं, नेट आणि बाकीचे मोह

मुख्य डायनिंग हॉल आणि बुफे भाड्यात असतात. बहुतेक बोटींवर साधं पाणी, चहा, साधी कॉफीही. बाटलीतलं पाणी, शीतपेयं, मशीनची कॉफी, स्पेशल रेस्टॉरंट हे सगळं वेगळं. जैन किंवा कांदा-लसूण नसलेलं जेवण बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं. बोटीवर सांगितलं तर उकडलेल्या भाज्या मिळतात. सीलबंद बाकरवडी चालते, घरचं शिजवलेलं बहुतेक बोटी काढून घेतात. इस्त्री आणि एक्स्टेंशन बोर्डही.

आता ड्रिंक पॅकेज. चढण्याआधी महिनाभर 'आज सवलत' असे ईमेल येत राहतात. उदाहरण घेऊ. पॅकेज रोज ७० डॉलर. त्यावर १८ टक्के सेवाशुल्क, म्हणजे ८२.६०. एक कॉकटेल १४ डॉलर, शुल्कासह १६.५२. ८२.६० भागिले १६.५२, बरोबर पाच. म्हणजे रोज पाच कॉकटेल, चारही दिवस, तेव्हा कुठे बरोबरी, सहाव्यापासून फायदा. त्यात बंदराचे दिवस आले, जेव्हा तुम्ही निम्मा दिवस बाहेर असता. आणखी एक अट बऱ्याच कंपन्यांची असते: एका केबिनमधल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्या प्रौढानेही घ्यायचं. बायको लिंबू सरबतावर खूश असली तरी तिचेही ८२.६०. चार दिवसांचे दोघांचे मिळून ६६०.८० डॉलर, जवळपास ५९,५०० रुपये. मेव्हण्याला संध्याकाळी दोन बिअर लागतात. बिअर ९ डॉलरची धरली तर शुल्कासह रोज २१.२४, चार दिवसांचे सुमारे ८५ डॉलर, म्हणजे ७,६५० रुपये. वहीवर हे दोन आकडे शेजारी लिहिले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

मुलांसाठी शीतपेयांचं पॅकेज मात्र कधीकधी परवडतं. मूल रोज चार-पाच ग्लास पिणार असेल तर घ्या, आणि ते तेवढं पिणार हे तुम्हाला चालणार असेल तर.

नेट दिवसाला, एका फोनला साधारण १५ ते २५ डॉलर. चौघांना चार पॅकेज घ्यायची गरज नाही. एकाच उपकरणाचं घ्या, एकाने लॉगआउट केलं की दुसऱ्याने लॉगिन करावं. बऱ्याच बोटींवर हे चालतं. बंदरात उतरल्यावर तिथलं ई-सिम स्वस्त. पण खरा धोका नेटचा नाही, फोनचा आहे. किनारा सुटला की बोटीवरचं सॅटेलाइट नेटवर्क फोन आपोआप पकडतो आणि तुमचा नेहमीचा परदेशी रोमिंग पॅक तिथे लागू होत नाही. फोन खिशात, ॲप्स मागे चालू, आणि बिल महिनाअखेरीस. बोट सुटायच्या आधी प्रत्येकाचा फोन विमान मोडवर टाकायचा, आजीचासुद्धा. हे काम घरातल्या एकाकडे सोपवा.

किनाऱ्यावरच्या सहलींबद्दल. बंदराचं नाव आणि शहराचं नाव यांत मोठं अंतर असू शकतं. 'रोम' म्हणजे चिविताव्हेकिया, रोमपासून सुमारे ८० किलोमीटर. 'क्वालालंपूर' म्हणजे पोर्ट क्लांग. 'बँकॉक' बऱ्याचदा लाएम चाबांग, जायलाच दोनेक तास. आणि आपला 'गोवा' म्हणजे मुरगाव. पणजी तिथून टॅक्सीने तासाभराची. उलट पिनांगला बोट जॉर्ज टाउनच्या कुशीतच लागते. तिथे बोटीकडून सहल विकत घेणं म्हणजे शनिवारवाड्यासमोर उभं राहून शनिवारवाड्याला जायला रिक्षा करणं.

माझा हिशोब असा: शहर चालत किंवा अर्ध्या तासाच्या अंतरावर असेल तर स्वतः जा. लांब असेल आणि परतीची वेळ अगदी बेताची असेल तर बोटीची सहल घ्या, महाग असली तरी. बोटीच्या सहलीची बस अडकली तर बोट तिची वाट बघते. तुमची टॅक्सी अडकली तर बोट जाते आणि पुढच्या बंदराचं विमान तुमच्या खिशातून. स्वतः जाणार असाल तर घड्याळ बोटीच्या वेळेवरच ठेवा. स्थानिक वेळ एका तासाने वेगळी असू शकते.

फोटोग्राफर पहिल्या दिवसापासून फोटो काढतो. काढू द्या, विकत घेण्याची सक्ती नसते. कॅसिनो, स्पा, 'सोन्याची साखळी इंच दराने', चित्रांचे लिलाव: यांसाठी वहीत आधीच एक रक्कम लिहा, शून्य असली तरी लिहा.

कार्ड कोणतं द्यायचं

चढताना बोटीच्या खात्याला एक कार्ड जोडावं लागतं. डेबिट कार्ड देऊ नका. अंदाजे खर्चाची रक्कम ते अडवून ठेवतात आणि खरं बिल झाल्यावरही ती सुटायला कित्येक दिवस लागू शकतात. तेवढे तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्ड द्या, पण परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, बघून. बऱ्याच कार्डांवर तो ३.५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एक लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये नुसते हवेत. मार्कअप नसलेलं कार्ड घेता येत असेल तर दोन महिने आधी अर्ज करा. किनाऱ्यावर मशीन 'रुपयांत द्यायचे की स्थानिक चलनात?' असं विचारेल. स्थानिक चलनच निवडा. रुपयांचा दर दुकानदाराचा असतो आणि तो चांगला नसतो.

मुलांच्या कार्डांवर खर्चाची मर्यादा घालून मिळते. पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन घालून घ्या.

विमा आणि रद्द करण्याची किंमत

बोटीवर दवाखाना असतो आणि तो स्वस्त नसतो. तिथे आपला कॅशलेस विमा सहसा चालत नाही: बिल खात्यावर चढतं, भरून यायचं आणि घरी येऊन क्लेम करायचा. म्हणून प्रत्येक कागद घ्या. पॉलिसी घेताना क्रूझ धरलेली आहे का, समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च येतो का आणि आईच्या बीपी-शुगरचं काय, हे तीन प्रश्न लेखी विचारा. आधीचे आजार लपवून स्वस्तात घेतलेली पॉलिसी म्हणजे पैसे वाया. बोट लागण्याच्या गोळ्या पुण्याहूनच डॉक्टरांना विचारून घ्या.

रद्द करण्याचे टप्पे बुकिंगआधी वाचा. मोठ्या परदेशी बोटींवर पूर्ण पैसे साधारण अडीच-तीन महिने आधी भरावे लागतात, आणि त्यानंतर जसजशी तारीख जवळ येते तसतशी कपात वाढत शंभर टक्क्यांपर्यंत जाते. 'डिपॉझिट परत न मिळणारे' स्वस्त भाडं व्हिसा हातात असेल तरच घ्या. खराब हवेमुळे बोटीने एखादं बंदर गाळलं तर त्या बंदराचं शुल्क परत येतं, भाडं नाही. ज्यांना फक्त लक्षद्वीप बघायचं म्हणून जायचं आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. तिथे छोट्या बोटीने उतरावं लागतं आणि समुद्र ऐकत नसेल तर उतरणं रद्द होतं.

हप्त्यांवर क्रूझ घेऊ नका. लाटा चार दिवसांत संपतात, हप्ते बारा महिने येतात.

शेवटची रात्र आणि त्यानंतरचा जुलै

खात्याचं बिल रोज रात्री ॲपवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर बघा. आमच्या बिलात एकदा न घेतलेल्या दोन कॉफ्या आणि दुसऱ्याच कुणाचा मसाज होता. दुसऱ्या दिवशी दुपारी काउंटरवर पाच मिनिटांत काढून दिला. तेच शेवटच्या सकाळी गेलात तर तिथे दोनशे माणसांची रांग असते आणि तुमची बॅग खाली धक्क्यावर गेलेली असते. आदल्या संध्याकाळी, जेवणाआधी जा. छापील बिल मागून घ्या.

राहिला टीसीएस. तो पैसे भरणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो. एजंट चौघांचे पॅन मागतो आणि आपण गडबडीत आईचाही देऊन टाकतो. आईला करपात्र उत्पन्न नसेल तर तेवढ्यासाठी तिचं रिटर्न भरावं लागतं. घरात जो नियमित कर भरतो त्याच्याच खात्यातून पैसे द्या आणि त्याचाच पॅन द्या. नोकरी असेल तर कंपनीच्या अकाउंट्सला हा टीसीएस कळवता येतो आणि ते पगारातला टीडीएस तेवढा कमी करतात. ऑक्टोबर २०२४ पासून तशी सोय आहे. नाहीतर जुलैमध्ये रिटर्न भरताना आयकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनखाली ती रक्कम दिसते का ते बघा. दिसत नसेल तर एजंटाने ती भरलीच नाही, किंवा चुकीच्या पॅनवर भरली. त्याला फोन करा आणि प्रमाणपत्र मागा. मेव्हण्याला तिसऱ्या फोननंतर मिळालं.